बिनकिल्लीचं पाकीट

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे सगळे जावईबापू म्हणतात. आईने ते आदराने सुरू केलं. मी चालू ठेवलं, पण आदराने नाही. भोरच्या एका कचेरीत त्यांना खुर्ची आहे, आणि चष्मा कुठे ठेवला हे विचारायला घरी बायको.

भावांनी गुंजवणे गावची वडिलांची रस्त्याकडची जमीन विकायला काढली, तेव्हा रीतीप्रमाणे आम्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या करून गप्प बसायचं होतं. मी सही केली नाही, धाकटीलाही करू दिली नाही; दोघींचे वाटे घेतले. तिच्या वाट्याच्या पैशातून तिला पिठाची गिरणी टाकायची होती. जागा बघून झाली, विजेच्या मीटरचा अर्ज मी भरून दिला. तेवढ्यात जावईबापूंनी ते पैसे मोबाईलमधल्या क्रिप्टोच्या पाकिटात घातले. गिरणीतून पीठ निघतं, यातून पैसा निघतो, असं त्यांनी तिला समजावलं.

मोबाईल हरवला तर काय, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी माझी कीव केली. इतर पाकिटांना म्हणे शब्दांची लांबलचक किल्ली असते, ती कागदावर लिहून जपावी लागते. हे बिनकिल्लीचं. आपला ईमेल, ऑनलाइन ठेवलेली एक फाईल आणि आपला चेहरा, एवढ्यावर ते नव्या मोबाईलवर परत उघडतं.

"किल्लीच नाही अक्का, मग हरवणार काय?"

मग एकदा दुसऱ्या मोबाईलवर उघडून बघा, मी म्हटलं. घरात नवा सिलिंडर आला की मी आधी गळती बघते, मग चहा ठेवते. त्यांनी बघितलं नाही. हुशार माणसं बघत नाहीत.

लावणीच्या दिवसांत ते हिर्डोशीला मावसभावाच्या शेतावर गेले. कामाला नव्हे. पँट दुमडून, हातात भाताच्या रोपांची जुडी धरून फोटो काढायला. मोबाईल चिखलात पडला आणि मागून पॉवर टिलर आला. जे हाती लागलं ते चहाच्या गाळण्यात मावलं असतं.

रविवारी नवा मोबाईल घेऊन दोघं माझ्याकडे आली. मी कागदावर तीन गोष्टी लिहिल्या आणि क्रमाने घेतल्या. ईमेल उघडला. फाईल सापडली. चेहरा जुळेना. चष्मा लावून, चष्मा काढून, मिशी विंचरून, खिडकीत, ट्यूबखाली, जावईबापूंनी मोबाईलपुढे नंदीबैलासारखी मान हलवली. चेहरा जुळत नाही, असं तो मोबाईल दर वेळी इतक्या सभ्यपणे सांगत होता की मला त्याचं कौतुक वाटलं. मला ते कधी तसं सांगता आलं नव्हतं.

जावईबापू कंपनीला शिव्या घालू लागले. धाकटी भिंतीला टेकून बसली होती. गिरणी गेली, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

पहिल्यांदा चेहरा कधी आणि कुठे दिला, असं मी विचारलं. पाडव्याला, मुहूर्तावर, ते म्हणाले, आणि त्यांनी वळून धाकटीकडे बघितलं.

त्यांच्या घरी नव्या वस्तूचा पहिला मान घरच्या लक्ष्मीचा. गाडी आली तेव्हा स्वस्तिक धाकटीने काढलं, कपाट आलं तेव्हा त्यात पहिली नोट तिने ठेवली. पाकीट उघडतानाही त्यांनी तिला गुढीपाशी उभी करून मोबाईल तिच्या तोंडापुढे धरला होता. स्वतःचाच चेहरा द्या, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असताना. तिला वाटलं, सणाचा फोटो काढतायत. तिच्या पैशाबद्दल तिला एक शब्द न विचारणाऱ्या माणसाने शकुनापुरता तिचा चेहरा वापरला, आणि तेही विसरला.

आता त्यांनी घाईने मोबाईल तिच्याकडे वळवला. "जरा इकडं बघ गं."

धाकटीने तोंडावर पदर धरला. "न्हाई बघत. आधी माज्या मोबाईलवर लावा ते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला न्हाई कळत. त्याला माजं तोंड कळतंय, तेवढं बास."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी धाकटीचा मोबाईल त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी हाताने झाकून ईमेलचा पासवर्ड टाकला, जणू त्याच्यामागे अजून काही शिल्लक होतं. मग धाकटीने पदर सोडला, कुंकू नीट केलं आणि मोबाईलकडे बघितलं. चेहरा पहिल्या झटक्यात जुळला.

क्रिप्टो विकायचं खातं आम्ही तिच्या नावावर काढलं. पैसे थोडे घटले होते, तरी गिरणी बसली.

आता जावईबापू संध्याकाळी दळणाचा डबा घेऊन येतात आणि गिऱ्हाइकांतून पुढे घुसायला बघतात. धाकटी मान वर करत नाही.

"नंबर लागंल तवा," ती म्हणते.