पनवेलला बंद पडलेली मेहुण्याची व्हॅन

माझ्या मेहुण्याने मला फसवलं. गाडी विकताना फसवलं, आणि तेही देवघरासमोर बसून. ‘भावोजी, या व्हॅनमध्ये मासळीची पाटी कधी चढली नाही,’ असं जनार्दन म्हणाला होता. खारं पाणी लोखंड खातं, हे भांड्यांच्या धंद्यात केस पांढरे झालेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. म्हणून मी पहिला प्रश्न तोच विचारला होता. त्याने देवाकडे हात केला, मी चावी घेतली.

तेव्हापासून ही व्हॅन मला छळते आहे. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा विझत नाही. सकाळी शेजाऱ्यांना धक्क्याला बोलवावं लागतं. नवी बॅटरी घातली, ती चार दिवस बरी वागली आणि जुनीच्या वळणावर गेली.

त्याच गाडीने आम्ही तळेगावहून उरणला निघालो होतो, त्याच जनार्दनच्या घरी. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्याला मुलगी झाली होती. दुपारी बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, आणि आत्या एकच, माझी बायको सुनंदा. निघतानाच मी तिला बजावलं होतं, “आज ही वाटेत रुसली आणि दोष तुझ्या भावाचा निघाला, तर गाडी त्याच्या दारात उभी करीन आणि घोटभर पाणी न पिता मागे फिरेन. पुन्हा तो उंबरा नाही.”

 बाळाची कुंची ठेवलेली पिशवी सुनंदाने मांडीवर घट्ट धरली.

घाट उतरताना डोंगर इतके हिरवे होते की राग धरून ठेवणं अवघड जात होतं. खोपोलीला वडापाव खाल्ला. इंजिन मात्र बंद केलं नाही. पनवेल जवळ आलं तसा हॉर्न घोगरा झाला. एसटी स्टँडजवळच्या गर्दीत व्हॅनने एक आचका दिला आणि ती गप्प झाली. मागून रिक्षांचे हॉर्न सुरू झाले.

“काका, गाडी पार्क करायला हीच जागा मिळाली?” एक रिक्षावाला ओरडला. मी त्याच्यावर चौपट ओरडलो. तो हसत उतरला, आणखी दोघांना हाक मारली, आणि तिघांनी गाडी ढकलत शेजारच्या गल्लीत ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानापुढे नेली. “धर्मादादा, गिऱ्हाईक गरम हाय, जरा जपून,” असं सांगून तो गेला.

धर्मादादा सुकापूरचे. जाडजूड, गळ्यात साखळी, आवाज बाजारभर ऐकू जाईल असा. वडिलांच्या भातशेतीवर आता इमारती उभ्या आहेत, हे त्यांनी गाडीला हात लावायच्या आधीच सांगितलं. या व्हॅनचं इंजिन आणि बॅटरी पुढच्या सीटखाली असते. सुनंदाला उतरवून त्यांनी सीट उचलली.

“कुठं चाललाव?” त्यांनी विचारलं.

“उरणला. माझं माहेर,” सुनंदा म्हणाली, आणि लगेच तिची बोली बदलली. “भावाच्या पोरीचा बारसा हाय. आत्या मीच. नीट बग रं दादा.”

“मंग पयल्यांदा हे सांगायचं नाय? शेटनी तर नुसती शिवी दिली गाडीला!”

दुसऱ्या बॅटरीने त्यांनी गाडी चालू केली आणि मीटर लावला. अल्टरनेटर (इंजिन फिरताना वीज करणारं यंत्र) ठणठणीत निघाला. बॅटरीही चांगली. वीज तयार होत होती, पण बॅटरीपर्यंत पोचत नव्हती. धर्मादादांनी पायाखालचं रबर उचललं. अर्थची वायर (बॅटरीपासून गाडीच्या पत्र्याला जोडलेली तार) जिथे बसवली होती तिथे पांढरा-हिरवा खार फुगून आला होता. त्यांनी ओढली तशी ती हातातच आली. कडेच्या फटीतून त्यांनी नखाने काहीतरी चकचकीत काढून माझ्या तळहातावर ठेवलं. माशाचा खवला.

“म्हावरा (मासळी) वायलाय यात. पाटी या सीटच्या मागंच ठेवायचा कोनतरी. बर्फाचा पानी पुढं यायचा.”

“सापडला!” मी म्हणालो आणि फोन काढला. “देवासमोर खोटं बोलला. आता बारसं त्याचं त्यालाच लखलाभ!”

सुनंदाने फोनवर हात ठेवला. “ती पाटी कुणाची, ते विचारा आधी.”

“कुणाची?”

“माझी. माझं ऑपरेशन झालं, अन्न जात नव्हतं, तेव्हा दर शुक्रवारी जना याच व्हॅनने मासळी घेऊन येत होता. पाटी माझ्या मांडीजवळ ठेवून, मी जेवेपर्यंत बसायचा. तुम्ही दुकानात असायचा.”

“तू म्हणायचीस, भावाने पाठवलं.”

“तुम्ही एसटीवाल्यांच्या हाती पाठवलं असं समजलात. रात्री बोटं चाटून म्हणायचात, असा हलवा मासा आपल्या बाजारात मिळत नाही.”

धर्मादादांनी मान खाली घालून पत्रा घासायला घेतला. तो चकाकेपर्यंत घासला. मग म्हणाले, “शेट, म्हावरा तुमीच खाल्लाव. वायरला बोल कशाला?”

नवी वायर बसली. लाल दिवा विझला. त्यांच्या घरून आलेल्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट आम्हाला खावीच लागली. बारशाच्या आत्याला उपाशी सोडणार नाही म्हणाले. पैशांवरून मी घासाघीस केली नाही असं नाही. पण आवाज चढला नाही.

उरणला पोचलो तेव्हा बायका पाळण्याभोवती आत्याची वाट पाहत होत्या. सुनंदा वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, आणि तिच्या पाठीवर चार बायकांच्या बुक्क्या पडल्या. जनार्दन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. व्हॅनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“सीटखालची वायर बदलली,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा उतरला. मी ताट ओढलं आणि जेवायला बसलो.

परतीच्या घाटात सुनंदा झोपली. दिवे लख्ख होते, मला मात्र हिशेब जुळत नव्हता. जनार्दन, खोटं का बोललास, ते मला कळलं; बहिणीसाठी केलेलं तुला बोलून दाखवायचं नव्हतं. ते विचारत नाही. पण गाडी विकल्यापासून तू बहिणीकडे एकदाही आला नाहीस. उरणहून एसटी सुटत नाही? गाडी मी घेतली होती, तुझं येणं नव्हतं घेतलं. शुक्रवारी दुपारी ती अजून फाटकाच्या आवाजाने उठते. मला नको, तिच्या दारात येऊन तिला उत्तर दे.