थांब गो, हीटर धरलाय

खरं सांगू का, मी या ग्रुपवर टिंगल करायलाच आले होते. लेकीने मोबाइलवर उघडून दिला, तेव्हापासून दुपारी भांडी झाली की वाचते… पिंपळाखालची बाई, आपोआप हलणारा झोपाळा… आणि एकटीच हसते. आमच्या पाड्यावर लाइट गेली की अर्ध्या लोकांना काहीतरी दिसतं, आणि लाइट आली की ते वाळत घातलेलं लुगडं निघतं. मी लग्नाआधी शहापूरला एका दवाखान्यात केसपेपर काढायचे. अंगात आलेल्या बायका इंजेक्शन बघून शुद्धीवर येताना मी डोळ्यांनी पाहिल्यात. त्यामुळे माझं मत ठाम होतं. भुताबद्दल तर आजही ठामच आहे, कारण माझ्या अनुभवात भूत नाहीच. ज्या माणसाबद्दल लिहितेय तो जिवंत आहे. मी हे लिहितेय आणि ते आत ओटीवर खाटेवर पडलेत — माझे मिस्टर.

आमचा पाडा डोळखांबच्या वरच्या अंगाला. आठ-दहा घरं, मागे डोंगर, पुढे भातखाचरं, आणि खाली ओहोळ. ओहोळावरची मोरी पावसात वाहून गेली, ती काही अजून झालेली नाही. पलीकडे डांबरी रस्ता, अलीकडे दगडगोटे. मोटारसायकल कशीबशी येते, चारचाकी येत नाही. आणि येतो तो आमचा ट्रॅक्टर.

हा ट्रॅक्टर म्हणजे माझी सवत. जुना, यांनी मुरबाडहून सेकंडहँड आणला तेव्हा आमची लेक रांगत होती. आता तिला नोकरी लागली, तरी हा चालूच. दिवाळीनंतर डोंगरातली थंडी पडली की पहाटे चालू व्हायला याचे नखरे असतात. डिझेलचं इंजिन गार पडलं की नुसता सेल्फ मारून भागत नाही, आत जाणारी हवा गरम लागते. त्यासाठी इंजिनाच्या हवेच्या पाइपात एक हीटर असतो. डॅशवरचं बटण दाबून धरायचं, आतली तार लाल होते, हवा तापते, आणि मग चावी फिरवायची. सेल्फ लवकर मारला तर इंजिन उचलत नाही, बटण फार वेळ धरलं तर बॅटरी बसते. मधली वेळ बरोबर साधावी लागते.

ती यांना साधायची. पायदानावर उभं राहून वाकायचे, डावा पंजा हवेच्या पाइपावर, उजवा अंगठा बटणावर. बटणाची रबरी टोपी कधीच पडून गेली होती, नुसता पितळी खुंटा राहिला होता. धरून ठेवला की तोही चांगलाच तापायचा. त्याने यांच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. मी रोज चुलीपाशी बसून ऐकायची, हे ट्रॅक्टरशी बोलायचे, “थांब गो… थांब… धरलाय मी… हां, आता!” आणि धडधड सुरू. जगात सगळ्यांचा ट्रॅक्टर पुरुष, आमच्याच घरात तो ‘गो’. मी म्हणायची, अहो, माझ्याशी कधी इतकं गोड बोललात का? तर म्हणायचे, “तू कुठं थंडीत बंद पडतीस?”

गेल्या मार्गशीर्षात शेजारच्या मुलाचं लग्न होतं, मुलगी धसईची. हळदीच्या दिवशी नेमकी लाइट गेली. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, मांडवात अंधार कसा चालेल? यांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून दिली. मांडवातले बल्ब तिच्यावर चालले, वर पोरांनी गाणीही वाजवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वऱ्हाड धसईला मुक्कामाला गेलं. पाड्यावरचे सगळे तरणे पुरुष, सगळ्या मोटारसायकली, सगळं गेलं. यांचं डोकं दुखत होतं म्हणून आम्ही राहिलो. दिवस मावळताना हे बॅटरी परत बसवताना दिसले. कोणीतरी पान्हाच वऱ्हाडात नेलाय म्हणून कुरकुरत होते. मी भाकऱ्या थापत होते, नीट ऐकलं नाही.

पहाटे हे उठून मागे न्हाणीकडे गेले. मला जाग आली ती तांब्या पडल्याच्या आवाजाने. जाऊन बघते तर दगडावर आडवे. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात नि पाय मेल्यासारखे. मी हाका मारल्या तर डोळे माझ्याकडे वळले, पण शब्द नाही. दवाखान्यात काम केलेलं असल्यामुळे हे काय आहे ते मला त्या क्षणी कळलं. किती लवकर नेलं यावर सगळं असतं, हेही माहीत होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं असं वाटतं, कारण मग मी इतकी घाबरले नसते.

अँब्युलन्सला फोन लावला. गाडी निघाली, पण मोरीच्या पलीकडेच थांबेल म्हणाले. मोरीपर्यंत यांना न्यायचं कोणी? घरात मी आणि सासूबाई. पाड्यावर राहिलेले म्हातारेकोतारे, आणि गुडघ्याच्या दुखण्याने लग्नाला न गेलेले शेजारचे जनाभाऊजी. ते लंगडत आले. आम्ही तिघांनी मिळून यांना ओटीवर आणलं, तेवढ्यातच आमचा जीव गेला. एवढा धिप्पाड गडी, ओहोळापर्यंतचा उतार, आणि ते दगडगोटे… शक्यच नव्हतं.

“वैनी, ट्रॅक्टर काढू,” भाऊजी म्हणाले. “ट्रॉलीत पेंढा हाय, निजवू त्याला. तुमी फक्त ह्यो चालू व्हायची पार्थना करा.”

सासूबाई यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि आम्ही दोघं खळ्याकडे धावलो. थंडी अशी की ट्रॅक्टरच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. भाऊजींनी बटण दाबून धरलं, मग सेल्फ मारला. घुर्र… घुर्र… घुर्र… नाही. पुन्हा बटण, पुन्हा सेल्फ. आवाज आणखी जड झाला. मांडवातल्या बल्बांनी बॅटरी आधीच खाल्ली होती. भाऊजींनी काठीला चिंधी गुंडाळून डिझेलमध्ये बुडवली, पेटवली, आणि हवा ओढायच्या तोंडाशी धरली. जुने लोक असं करतात. मी चावी फिरवली. इंजिनाने एकदा खोकल्यासारखं केलं आणि गप्प झालं.

“आता एकच सेल्फ निघंल हिच्यात,” भाऊजींनी काठी खाली टाकली. “तो फुकट गेला म्हंजे संपलं. ऱ्हावं दे. मी बांबू नि घोंगडी आनतो, झोळी करू. पडलो तं पडलो.” गुडघा धरून ते घराकडे गेले.

मी तिथे एकटी उरले. आणि सांगते, मी देवाचं नाव घेतलं नाही. त्या ट्रॅक्टरला शिव्या घातल्या. सवत, रांड, जन्मभर त्यांच्या हातून लाड करून घेतलेस आणि आता मरतेस? रडत रडतच पायदानावर चढले. बटणावर अंगठा दाबला. पितळ गारच होतं, कितीही दाबलं तरी गारच. बटण सोडलं, वैतागून चावी धरली, आणि हे करायचे तसा डावा पंजा पाइपावर ठेवला. का ठेवला, सांगता येत नाही. रोज बघितलेलं, हात आपोआप गेला.

चावी फिरवणार तेवढ्यात कानाशी आवाज आला.

“थांब गो. हीटर धरलाय.”

यांचा आवाज. लांबून नाही, ओटीवरून नाही. माझ्या उजव्या खांद्यापाशी, हे उभे असते तर जिथून आला असता तिथून. मी वळून पाहिलं तर कोणी नव्हतं. मला पहिलं वाटलं हे बरे झाले, उठून आले. मग वाटलं, गेले… पण हात काढायचं धाडस होईना. आणि पंजाखाली पाइप गरम व्हायला लागला होता. आधी कोमट, मग चांगलाच, चहाच्या कपासारखा. बटणावर माझा हात नव्हता. एक पाइपावर, एक चावीवर.

“थांब… थांब… हां, आता!”

मी चावी फिरवली. घुर्र… आणि धडाड्! पांढऱ्या धुराचा लोट, आणि धडधड सुरू. भाऊजी बांबू टाकून आले, गुडघ्याचं दुखणं विसरून आले.

पुढचं झरझर झालं. ट्रॉलीतल्या पेंढ्यावर हे, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर, दगडांवरून हेलकावे खात आम्ही ओहोळ ओलांडला. अँब्युलन्स उभीच होती. आधी शहापूर, तिथून पुढे मोठ्या हॉस्पिटलात. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, अजून उशीर झाला असता तर नसता वाचला. उजवी बाजू मात्र गेली, आणि वाचाही.

तिथेच नर्सने विचारलं, “ताई, यांच्या अंगठ्याला काय भाजलंय?” उजव्या अंगठ्यावर, घट्ट्याच्या बरोबर मधोमध, गोल फोड. ताजा. डॉक्टर म्हणाले पडताना चुलीला लागला असेल, अशा हाताला कळत नाही. असेलही म्हणा, पण चूल त्या दिवशी मी पेटवलीच नव्हती. सासूबाईंना विचारलं, तुम्ही होता ना जवळ, हे हलले का, बोलले का? त्या म्हणाल्या, “नाय गो. लाकडावानी पडला व्हता. मी त्याचा हातच धरून व्हते.”

दुसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन आला. ट्रॅक्टर ते परत घेऊन गेले होते, पण सकाळी काही केल्या चालू होईना. म्हणून उजेडात बॅटरीचं झाकण उघडलं. “वैनी, हीटरची वायर बॅटरीला नायच. टोकाला चिंधी गुंडाळून बाजूला बांधून ठेवलीय. गाठ त्याचीच हाय, मी वळखतो.” बॅटरीच्या मोठ्या वायरी हातानेच दाबून बसवल्या होत्या, पण पान्हा वऱ्हाडात गेला म्हणून यांनी आदल्या संध्याकाळी हीटर जोडलाच नव्हता, सकाळी जोडणार होते. म्हणजे त्या पहाटे भाऊजींनी दाबलं काय, मी दाबलं काय, हीटर चालणं शक्यच नव्हतं. नंतर मुरबाडच्या मेकॅनिकला सांगितलं तर तो म्हणाला, पेटवलेल्या चिंधीने पाइप तापला असेल. तापला असेल… पण चिंधी विझून गेली होती आणि तेव्हा पाइप बर्फासारखा होता. मी हात ठेवल्यावर तो तापत गेला. तो हात माझाच होता.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. घाबरलेल्या बाईला काहीही ऐकू येतं, असं मीच म्हटलं असतं.

आता हे खाटेवर असतात. शहापूरहून एक मुलगा व्यायाम द्यायला येतो. तो हात दुमडतो, उघडतो, अंगठा हलवा काका म्हणतो. काही हलत नाही. मीही रात्री तो अंगठा चोळत बसते, गोड बोलते, कधी चिडते. माझ्यासाठी नाही हलत.

ट्रॅक्टर विकून टाक म्हणून सगळे मागे लागले होते. मुरबाडचं गिऱ्हाईकही येऊन गेलं. त्याला चालू करून दाखवायचा म्हणून मी हीटर जोडून घेतला आणि पहाटे बटण दाबून उभी राहिले. आतून सासूबाई ओरडल्या, “गो ये! याचा आंगठा बघ! घोंगडी दाबतोय!” मी धावत गेले तर हात तसाच मेलेला.

मला वाटलं ट्रॅक्टरचा आवाज ऐकून काहीतरी होत असेल. पण इंजिन अजून चालू झालंच नव्हतं, आणि हीटरला आवाज नसतो. तार मुकाट्याने लाल होते, एवढंच. मग आम्ही करून पाहिलं. मी न सांगता, भलत्या वेळी, भर दुपारीसुद्धा जाऊन बटण दाबायची. सासूबाई म्हणतात, मी दाबलं की तो अंगठा दाबतो, मी सोडलं की सुटतो. आणि थंडीच्या दिवसात मी बटण धरून असले की मध्येच यांचा अंगठा एकदा वर होतो. तेव्हा त्या आतून “आता!” म्हणून ओरडतात, मी चावी फिरवते, आणि पहिल्या सेल्फला चालू. एकदाही चुकलं नाही. मी बघायला आत बसले आणि भाऊजींना बटण दाबायला लावलं, तर काही नाही. लेकीला लावलं, काही नाही. मी दाबलं तरच.

तुम्ही म्हणाल व्हिडिओ काढा. लेकही तेच म्हणाली, मोबाइल घेऊन बसलीही होती. मीच नको म्हटलं. नवरा-बायकोत काही राहू दे की.

डॉक्टरांना सांगितलं तर ते मानेनेच नाही म्हणाले. माझ्याकडेही कारण नाही. ट्रॅक्टर विकला नाही. आता उन्हाळा आहे, हीटरची काही गरज नसते, तरी मी रोज पहाटे पायदानावर उभी राहते आणि ते पितळ चटके देईपर्यंत दाबून धरते. माझ्याही अंगठ्याला घट्टा यायला लागलाय. आत काय होतं ते सासूबाई सांगतात. मी ते अजून एकदाही पाहिलेलं नाही… बटण मलाच धरावं लागतं ना.