भट्टीचे पहिलेवाले आणि आत्तावाले

माणसं एकाच गोष्टीवर वर्षानुवर्षं भांडत राहिली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, कूलरच्या टाकीत क्षार साचतात तसे ते साचतात. आमचा रायपूरचा गोतावळा ज्यावरून भांडतो त्याचं नाव 'भट्टी नंबर दोन'. हा कारखाना नाही, बँड आहे. रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या पोलाद प्लांटमधली तीन पोरं आणि गोल बाजारात भांड्यांचं दुकान असलेला पिंटू भैया यांनी सुरू केला, म्हणून हे नाव. एक धून घ्यायची, गिटारने ती ड्रमकडे सोपवायची, ड्रमने की-बोर्डकडे, आणि ती कुठे जाते ते वाजवणाऱ्यांनीही बघत राहायचं. याला जॅम म्हणतात. पूर्वी ते असं तासभर वाजवायचे. आता चार-पाच मिनिटांची गाणी करतात, त्यात शब्दही असतात.

फरक एवढाच. पण एवढ्यावर चौबे कॉलनीत आमचे दोन पक्ष पडले, पहिलेवाले आणि आत्तावाले. दर रविवारी उमाटे काकांच्या अंगणात पोहे खाता खाता ते एकमेकांची अक्कल काढतात. पहिलेवाल्यांचे पुढारी स्वतः काका, रेल्वेच्या ऑफिसातले. आत्तावाल्यांचे पुढारी देवघरे, माझ्या ऑफिसातले. मला दोन्ही आवडतं. त्यामुळे मला मत नाही, पोह्यांवर शेव घालण्याचं खातं मात्र माझ्याकडे आहे.

* * *

मी नागपूरहून बदलून आले तेव्हा पहिल्याच रविवारी भाबडेपणानं विचारलं होतं, की भट्टी नेमकी बिघडली कधी?

काकांनी बशी खाली ठेवली. "तू कधी आली रायपूरले?"

मी म्हटलं, याच आठवड्यात.

"त्याच्या एक वर्ष आधी."

मला फार हळहळ वाटली, थोडक्यात हुकलं म्हणून. पुढे कळलं की देवघऱ्यांनाही काकांनी हेच उत्तर दिलं होतं, आणि देवघरे माझ्या सहा वर्षं आधी आले आहेत.

* * *

काकांची थट्टा करते, पण त्यांचं दुखणं खरं आहे. वर्ध्याहून बदली होऊन ते इथे आले तेव्हा काकू आणि तान्ही लेक रुचा तिकडेच होत्या. रायपुरात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. एका संध्याकाळी कुठल्याशा गणपतीच्या मांडवात भट्टी 'सायडिंग' नावाची धून वाजवत होती. नाव रेल्वेचं म्हणून काका थांबले. धून संपेना, काका हलेनात, आणि संपली तेव्हा शेजारी बसलेले दोघं त्यांना चहाला घेऊन गेले. त्यातूनच आमची ही रविवारची मंडळी तयार झाली.

"तसं 'सायडिंग' एकदा ऐकाचं आहे मले," ते म्हणतात. "एकदा. मंग बंद करतो कटकट."

देवघरे म्हणतात, या आशेवरच आम्ही जगून राहिलो.

* * *

त्या काळातलं, कॅसेटवरून उतरवून घेतलेलं एक रेकॉर्डिंग काकांच्या फोनमध्ये आहे. फोन बदलले, रेकॉर्डिंग तेच. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावं लागतं, गॅसवाल्यालाही. त्यात गिटार थोडी, शेजारच्या बाळाचं रडणं बरंच, आणि ऐन रंगात आलेलं असताना माइकवर सूचना येते, "सफ़ेद स्कूटरवाले भैया, अपनी गाड़ी हटा लें।"

ऐकून ऐकून काकांना ती सूचना धुनेचाच भाग वाटू लागली. मागे एका कार्यक्रमात भट्टीनं 'सायडिंग'चा छोटा अवतार वाजवला. ती जागा आली, आणि सूचना काही येईना. काका अस्वस्थ झाले. शेवटी त्यांनी स्वतःच खणखणीत आवाजात म्हटलं, "सफ़ेद स्कूटरवाले भैया, अपनी गाड़ी हटा लें।"

तिसऱ्या रांगेतला एक माणूस उठला आणि माफी मागत बाहेर गेला.

* * *

रुचाला बघायला अमरावतीचा एक मुलगा आला होता. पगार, घर, आई-वडील सगळं विचारून झालं. मग काका पुढे सरकले आणि त्यांनी विचारलं, भट्टीचं ऐकता का? मुलगा म्हणाला, ऐकतो. पहिलं का आत्ताचं? मुलगा म्हणाला, दोन्ही.

स्थळ तिथेच संपलं. काकांचं म्हणणं, जो दोन्ही म्हणतो तो उद्या संसारात काय ठरवणार. मी तिथेच बसले होते, मला हे जरा लागलं. काकू आठवडाभर काकांशी बोलल्या नाहीत.

रुचा मात्र मजेत होती. ती घरात मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. मला बाजूला घेऊन म्हणाली, "दीदी, मुझे अभी शादी करनी ही नहीं थी। मैंने ही उसको फोन पे बोला था, दोनों बोल देना।"

* * *

भट्टीचं आत्ताचं काकांना मुळीच आवडत नाही, म्हणून ते एकही कार्यक्रम चुकवत नाहीत. पहिल्या रांगेत, हाताची घडी, नजर छताकडे. आत्तावाल्यांपैकी निम्मे लोक पार्किंग मिळालं नाही तर घरी परततात, काका मात्र तासभर आधी पोहोचून निषेधाची जागा धरतात.

एकदा त्यांना डेंग्यू झाला. कार्यक्रम संपल्या संपल्या काकूंना पिंटू भैयाचा फोन आला. "काकीजी, आज काकाजी नाराज़ होने नहीं आए। तबीयत ठीक है ना?"

* * *

काकूंना पितळेचं पातेलं आणि त्यावर झाकण हवं होतं. पिंटू भैयाच्या दुकानात गेलो, मीही होते. पातेली ठोकून बघणं चालू असताना काकांनी आपला सिद्धांत मांडला. तुमची तेव्हा साधना होती, तंद्री लागायची, म्हणून 'सायडिंग' तासभर चालायचं. आता काहून नाही वाजवत तसं?

पिंटू भैया साधा माणूस. त्याला वाटलं, खरंच विचारत आहेत.

"अरे काकाजी, तब चीफ गेस्ट टाइम पे आते कहाँ थे? सिलतरा में विश्वकर्मा पूजा हो, चाहे गणेशजी, साहब लोग घंटा भर लेट। आयोजक पर्दे के पीछे से ऐसे हाथ घुमाता था," आणि त्यानं हवेत गोल गोल हात फिरवून दाखवला, "मतलब, खींचो। हव, तो हम खींचते थे। साहब दिखे, कि बंद।"

आता भट्टीचं नाव झालं आहे. आता आधी भाषणं उरकतात आणि मग यांना स्टेजवर बोलावतात, त्यामुळे ताणायचं कारण राहिलं नाही, असंही त्यानं समजावलं. काका पातेल्याचे पैसे देऊन तडक बाहेर पडले. झाकण न घेताच आम्ही घरी आलो.

मी ही गोष्ट देवघऱ्यांना सांगायला नको होती. पुढच्या रविवारी त्यांनी अंगणात उभं राहून प्रत्येक नव्या येणाऱ्याला हात फिरवून दाखवला. साधना! तंद्री! सगळे पोट धरून हसले. काकांनी पोह्यांना हात लावला नाही. त्यांनी भांडावं म्हणून आत्तावाल्यांनीच जुन्या भट्टीची दोन वेळा स्तुती केली, तर ते नुसतं "असन तसं" म्हणाले. मला वाईट वाटलं. देवघऱ्यांनाही वाटलं असावं, कारण निघताना त्यांनी स्वतःची बशी धुतली.

* * *

त्यानंतरच्या दिवाळीतली गोष्ट. कॉलनीतल्या मराठी मंडळाचं स्नेहमिलन होतं आणि मंडळाचे सचिव देवघरे. नेमकी निवडणुकीची आचारसंहिता लागलेली. नगरसेवक नको, आमदार नको, प्रमुख पाहुणा आणायचा कुठून? देवघऱ्यांनी उमाटे काकांचं नाव सुचवलं. नुकतेच रिटायर झालेत, निरुपद्रवी आहेत. सगळे हो म्हणाले. कार्यक्रमाला भट्टी, आणि देवघऱ्यांनी क्रमही स्वतः आखला. पाहुणे येईपर्यंत वादन, मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, भाषण, जेवण.

काकांना आयुष्यात पहिल्यांदा शाल मिळणार होती. काकूंनी नागपूरहून बहीण बोलावली. जोधपुरी कोटाला रुचानं दोनदा इस्त्री केली. संध्याकाळी काका घरच्यांना म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी हा आलोच.

साडेपाचला भट्टीनं 'सायडिंग' सुरू केलं. काका आले नाहीत. धून एकदा फिरून मूळ जागी आली, पिंटू भैयानं विंगेत पाहिलं, पाहुणे नाहीत, तो पुन्हा निघाला. काकांचा फोन बंद. काकू दर दोन मिनिटांनी मागे वळून बघत होत्या, त्यांची बहीण काकूंकडे बघत होती. आणि स्टेजवर हळूहळू काहीतरी बदलत गेलं. ड्रमवाला डोळे मिटून वाजवू लागला. की-बोर्डवाल्यानं समोरचा कागद उलटा करून ठेवला. मी हे समोर बसून पहिल्यांदाच ऐकत होते आणि मला ते संपायला नको होतं, हे कबूल करते. शेजारी कोणीच फोन बघत नव्हतं.

काकूंचा धीर सुटला. त्यांनी रुचाला आणि मला शोधायला पाठवलं. आम्हाला घरापर्यंत जावंच लागलं नाही. मांडवाच्या मागे, आचाऱ्याच्या पुऱ्यांच्या कढईशेजारी, तेलाच्या उलट्या डब्यावर काका बसले होते. अंगात जोधपुरी कोट, डोळे मिटलेले, मांडीवर बोटं चालू. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते.

"पापा," रुचा म्हणाली, "सब आपके लिए रुके हैं। मम्मी रो देगी।"

काकांनी डोळे उघडले नाहीत. "मी आत गेलो का हे बंद करतीन, बेटा."

 रुचा वळली आणि तरातरा मांडवात शिरली. मी मागे. देवघरे विंगेत घाम पुसत उभे होते. काकांचं घर तिथून दोन गल्ल्यांवर आहे, आणि त्याच दिवशी सकाळी देवघरे त्या घरात चहा पिऊन आले होते.

"अंकल," रुचा म्हणाली, "पापा अभी भाटापारा स्टेशन पे हैं। ट्रेन लेट है।"

देवघऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग मांडवाच्या मागच्या कनातीकडे पाहिलं. मग ते स्टेजकडे वळले आणि पिंटू भैयाला दिसेल असा उजवा हात वर करून गोल गोल फिरवू लागले.