शिपाईमामांची झोप

रत्नागिरीत रेल्वे यायच्या कितीतरी वर्षं आधी ती आमच्या हायस्कुलात आली होती. म्हणजे तिचा हातभर तुकडा. व्हरांड्याच्या वाशाला तारेने टांगलेला रूळ आणि तो बडवायला एक गंजका बोल्ट, ही आमची घंटा. रूळ आणला कुणी? गोदीतल्या कुणा चाकरमान्याने मुंबईहून बोटीतून आणला म्हणतात, आणि ज्या घरात विचाराल त्या घरात तो चाकरमानी त्यांचाच आजोबा असतो. आमच्याही घरात आमचाच होता.

शहराबाहेर सड्यावर, उघड्या कातळावर ही शाळा आहे. यंदा तिची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा हल्लीच्या मुख्याध्यापिका बाई मला म्हणाल्या, "शाळेचा इतिहास तुम्हीच लिहा. तुम्ही गोष्टी फार छान सांगता." इतिहास आणि गोष्ट यांत फरक असतो, हे त्या वेळी कुणीतरी बाईंना सांगायला हवं होतं. मी काही सांगितलं नाही. मी घरी येऊन पेनात शाई भरली.

पहिलं पान बरं झालं. शाळा आधी कुणाच्या तरी पडवीत भरायची, मग गावाने चिरे वाहून इमारत उभी केली, वगैरे. दुसऱ्या पानावर मी स्वतः आठवीत गेलो, आणि तिथून शाळेचा इतिहास जो थांबला तो थांबलाच. पुढची चार पानं माझी. त्यात अर्थातच घंटेची गोष्ट.

ही गोष्ट आमच्या घरात सत्यनारायणाच्या कथेपेक्षा जास्त वेळा झालेली आहे. ती अशी. मधली सुट्टी नुकतीच संपलेली. घंटेजवळच्या स्टुलावर शिपाईमामा भिंतीला डोकं टेकून घोरतायत. मी चवड्यांवर जातो, बोल्ट उचलतो आणि शाळा सुटल्याची लांब घंटा देतो. पाच मिनिटांत शाळा रिकामी! मास्तरांनीसुद्धा फारशी चौकशी न करता सायकली काढल्या. यात मामांचं घोरणं मी करून दाखवतो. तो माझा हुकमी भाग. पाहुणे तिथेच हसतात. कॉलेजात जाणारी माझी मुलगी हल्ली अर्धा क्षण आधीच हसते, म्हणजे लवकर आटपतं.

लेख सोमवारी सकाळी छापखान्यात जायचा होता. त्याच्याबरोबर मामांचा जुना फोटो द्यावा म्हणून रविवारी मुलीच्या स्कूटरवर मागे बसून समुद्रकाठच्या भाट्याला गेलो. निवृत्तीनंतर मामा तिथे मुलाकडे राहतात. आता चांगलेच थकलेत, पण मला बघून पायरीपर्यंत आले. मला वाटलं, लेख वाचून दाखवावा, म्हाताऱ्याला बरं वाटेल. चष्मा घरी राहिला होता, म्हणून मुलीने वाचला. घोरण्यापाशी तिने माझ्याकडे पाहिलं. मी घोरून दाखवलं.

मामा मास्तरांच्या सायकलींना मनापासून हसले. मग म्हणाले, "बरा लिवलंस. पण ओठांचा काय झाला ता नाय लिवलंस?"

"कसले ओठ?" मुलीने विचारलं.

मी समुद्राकडे बघत राहिलो.

"ह्याचे गो! ओला काजू दातान फोडलान ह्यान. कोकणातला पोर आणि काजू दातान फोडतो! ओठ असे सुजलेले, हे एवढे. बोलता येईना, नुसता हात जोडी."

ओल्या काजूच्या सालीत तेल असतं, ते लागलं की कातडी उतते. आमच्याकडे मुलाला हे चालायच्या आधी शिकवतात. मी बहुधा त्या दिवशीही गैरहजर असेन.

मामा मुलीला सांगत होते आणि मला एकेक आठवत होतं. शाळेला लागून एक काजूची बाग होती. त्या बागेत जो सापडेल त्याच्या हातात दाखला देईन, असं हेडसरांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं होतं. मधल्या सुट्टीत मी तिथे गेलो आणि हे तोंड घेऊन परत आलो. मामांनी मला कुणाला न दाखवता मागच्या बाजूने सायकलवर घालून घराकडे नेलं. वाटेत एका घरातून खोबरेल मागून ओठांना लावलं. त्यांच्या खाकी शर्टाला मी घट्ट धरलं होतं. सड्यावर आवाजाला अडवायला काही नाही. अर्ध्या वाटेवर मागून घंटा ऐकू आली. शाळा सुटल्याची, लांब. मामांनी ब्रेक दाबला, मागे वळून बघितलं, "मेलो," म्हणाले आणि पुन्हा पायडल मारलं.

म्हणजे घंटा वाजली तेव्हा मी कॅरियरवर बसून रडत होतो.

"मग बाबांनी वाजवली नाही?" मुलगी म्हणाली.

"हा कसा वाजवील? दोन्ही हातांनी माका धरलेलान!"

आठवड्याने मी शाळेत परतलो तोवर, घंटा वाजली तेव्हा मामा झोपले होते, हे सगळ्या शाळेला ठाऊक झालं होतं. घंटा कुणी दिली ते मात्र कुणी कबूल करत नव्हतं. आधी मी नुसतं सूचक हसायला लागलो. मग, "मला माहिताय कोण ते," असं म्हणू लागलो. माझ्या लग्नाच्या सुमारास गोष्टीत मी तिथे हजर झालो होतो. मुलगी झाली तेव्हा बोल्ट माझ्या हातात आला होता. मला त्या बोल्टाचा गारवा अजून आठवतो. न धरलेल्या बोल्टाचा!

"पण तुम्ही झोपला होता, हे आलं कुठून?" मी विचारलं.

"सरांनी इचारलानी, कुठं होतास, झोपलेलास? मी म्हटला, होय, डोळा लागला. मेमो दिलानी."

"खरं का नाही सांगितलंत मामा?"

"तुझा दाखला दिला असतानी."

एवढ्यात त्यांची नात आमच्यासाठी कोकम सरबत घेऊन आली. नववीत आहे, आमच्याच शाळेत. ती आत जाईपर्यंत मामा थांबले.

"तुझा तू काय लिवायचा ता लिव," ते म्हणाले. "माझी झोप तेवढी काढ. हिला मी सांगितलाय, आख्ख्या नोकरीत घंटेजवळ डोळा मिटला नाय. आता पुस्तकात येईल, आजोबा घोरत होता."

ते हसत नव्हते. आणि घोरून मी नुकताच थांबलो होतो.

घरी येऊन झोप काढायला बसलो. वाटलं, एका ओळीचं काम. 'शिपाईमामा काही कामानिमित्त बाहेर गेले असता...' मुलीने खांद्यावरून वाचलं. "कसल्या कामानिमित्त?" मी खोडलं. 'एका आजारी विद्यार्थ्याला घरी पोचवायला...' "कुठल्या विद्यार्थ्याला?" तेही खोडलं. पाच पानांत स्वतःला जागा न पुरणाऱ्या माणसाला त्या एका ओळीत निनावी राहायचं होतं. शेवटी ओठ, काजू, खोबरेल, सगळं लिहिलं. पराक्रम गळाल्यावर आपोआपच माझी चार पानं दीड झाली आणि उरलेल्या जागेत शाळा मावली.

सोमवारी बाईंचा फोन. "छान झालाय. पण मग घंटा वाजवली कोणी?"

"माहीत नाही."

"इतिहासात असं कसं चालेल?"

"बाई, त्या लेखात तेवढंच एक वाक्य पक्कं आहे."

प्रकाशनाच्या दिवशी आमच्या वर्गातले तिघे भेटले, तिघांचेही केस गेलेले, आणि तिघांनीही मला वेगवेगळं बाजूला घेऊन सांगितलं की ती घंटा त्याने दिली होती. तिसरा तर घोरून दाखवायला लागला. माझ्यापेक्षा बरं घोरतो. "मामा झोपले नव्हते," मी म्हटलं. "तुला काय माहीत, तू होतास का तिथे?" तो म्हणाला. "नव्हतो," मी म्हटलं, "मामांच्या सायकलवर होतो." एवढ्या वर्षांत ती गोष्ट सांगताना पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.

मामा पुढच्या रांगेत बसले होते. नात त्यांना स्मरणिका वाचून दाखवत होती आणि ते ओळीखाली बोट फिरवत होते. पान संपल्यावर त्यांनी विचारलं, "झोप नाय ना कुठं?"

"नाही, आजोबा."

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. मग मामांनी मान वळवून मला शोधलं आणि थेट माझ्या तोंडाकडे बघितलं. माझा हात आपोआप ओठांवर गेला.