क्राफ्टच्या शेपटीचा वाय

परदेशी पाहुण्यासमोर मी आमच्या सगळ्यात सरळ माणसाला लबाड म्हणाले, आणि तेही मान ताठ करून.

सोलापुरात टॉवेल विणून बाहेरदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात मी एक्स्पोर्टचं काम बघायची. त्या दिवशी बायरचे साहेब फायनल इन्स्पेक्शनला आले होते. म्हणजे पॅक झालेल्या मालातली दोन-चार खोकी उघडायची, जीएसएम बघायचं आणि पास म्हणायचं. जीएसएम म्हणजे टॉवेलचं अंगचं वजन. एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं ते. कंटेनर गेटवर उभा होता. माल निघाला नाही तर बोट चुकणार, आणि बोट चुकली की ऑर्डर गेली.

मला तेव्हा माझ्या इंग्रजीचा भलताच तोरा. शब्द अडला की मी तो घरीच लाटायची, पापडासारखा. सॉल्टचं सॉल्टी, लकचं लकी, तसं क्राफ्टचं क्राफ्टी. क्राफ्ट म्हणजे कारागिरी. शेपटीला वाय लावला की झाला कसबी कारागीर.

राजय्याअण्णा आमचे जॉबर. माग लावायचे, बिघडले की दुरुस्त करायचे, सगळं त्यांच्याकडे. त्यांना साहेबांपुढे उभं करून मी म्हणाले, "ही इज अवर मोस्ट क्राफ्टी मॅन."

साहेब थबकले. कौतुक कमी पडलं असं वाटून मी भर घातली, की हलका टॉवेलसुद्धा हे हाताला भारी लागेल असा विणून देतात.

साहेबांनी चष्मा पुसला आणि सगळी खोकी उघडायला सांगितली.

शेठ मला बाजूला घेऊन विचारू लागले, काय बोललीस त्याला. मी शब्द सांगितला. त्यांनाही तो चांगलाच वाटला. मग मी मोबाइलमध्ये अर्थ बघितला. बोलण्याआधीही तो मोबाइल माझ्या पर्समध्येच होता. अर्थ निघाला धूर्त, कावेबाज, लबाड.

धावत जाऊन मी साहेबांना सांगितलं, मला स्किलफुल म्हणायचं होतं. ते गोड हसले आणि काट्यावर पुढचा टॉवेल ठेवला. बरोबरच आहे. लबाडांच्या कारखान्यातली बाई दुसरं काय सांगणार?

दुपारभर खोकी फुटत राहिली. मीही घड्या घालायला बसले. शेठनी बसवलं म्हणा. एकही टॉवेल हलका निघाला नाही. साहेबांनी सही केली, अण्णांशी हात मिळवला, आणि कंटेनर एकदाचा हलला. बोट मिळाली.

शंका येते तो शब्द आपण बघतोच. ज्याची खात्री असते, तो आधी बघावा.

संध्याकाळी अण्णांकडे गेले, अर्थ सांगितला, माफी मागितली. ते तेलकट हात पुसत मागाखालून बाहेर आले आणि म्हणाले, "घरात बायको तेलुगूत रोज हेच म्हणती की, मॅडम. पण नीट तपासून बघितलं ते ह्या साहेबानंच."