धुरपदाबाईंची नजर

येडशीच्या ओढ्याखाली आमचं थोडं भात असायचं. त्यातलं तण काढावं ते धुरपदाबाईंनीच. हुबेहूब भातासारखं दिसणारं एक गवत असतं. ते निसवेपर्यंत, म्हणजे कणीस बाहेर पडेपर्यंत, भल्याभल्यांना कळत नाही. बाई ते चिखलात वाकल्या वाकल्या टिपायच्या. चार गावांतून त्यांना बोलावणं यायचं. नवरा गेल्यावर दोन लेकी त्यांनी त्याच नजरेवर वाढवल्या.

निजामाचं राज्य होतं, मी नवी सून होते. माझं माहेर कानडी मुलखातलं, भाताचं. तो तोरा मी इतका मिरवला की काही विचारू नका. खरं सांगते, माहेरी मी भात ताटातच पाहिला होता.

त्या श्रावणात सासूबाई, पार्वतम्मा, मला बांधावर घेऊन गेल्या. बाई लावणी झालेल्या भाताच्या जुड्यांतूनच रोपं उपटत होत्या. मी ओरडले, "अहो, भात उपटताय की!"

बाई एक रोप घेऊन जवळ आल्या. "गवत हाय, सूनबाई. वाफ्यात भातासंगं उगवलं, संगंच लावलं गेलं. पान फुटतं तिथं बोट लावा. भाताला पांढरा पापुद्रा असतो, ह्याला न्हाय."

मी बोट लावलं. पापुद्रा नव्हता. शेजारच्या रोपाला होता. सगळं कळलं मला. पण सासूबाई बघत होत्या, शेतातल्या बायका बघत होत्या. मी म्हणाले, "भातच आहे हे. आमच्याकडं असंच असतं."

"ऐकलंस न्हवं, धुरपदे?" सासूबाई म्हणाल्या. "जुडीला हात लावू नगंस."

भाताच्या आधी ते गवत निसवलं. वीतभर वर आलेली जांभळट कणसं वाटेवरून दिसत. सासूबाईंनी बाईंना बोलावून घेतलं. "त्या दिशी उपटत व्हतीस ते हेच का? खरं सांग."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"न्हाय, अम्मा. सूनबाईंनी अडवलं ते भातच व्हतं. हे मलाच दिसलं न्हाय. डोळं गेलं आता."

खरं काय ते अगदी ओठापर्यंत आलं होतं माझ्या. मी पदर सावरला आणि आत गेले.

धुरपदाबाईंचे डोळे गेले, ही गोष्ट बाजारभर झाली. पुढच्या पावसाळ्यात त्यांना एकाही गावानं बोलावलं नाही. त्या सडकेवर खडी फोडायला जाऊ लागल्या.

एकदा जावेबरोबर गाडीतून येरमाळ्याला देवीला निघाले होते. लांब, सडकेच्या कडेला बायका खडी फोडत होत्या. त्यातली एक उठून उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "सूनबाई, बऱ्या हाव न्हवं?"

एवढ्या लांबून त्यांनी मला ओळखलं.

जाऊ म्हणाली, "कोण गं ती?"

मी म्हणाले, "कुणास ठाऊक."