दोघांच्या वजनाची चेन

रविकांत सर गाडी दाखवायला अमरावतीहून अकोल्याला निघाले की शेजारीपाजारी हसायचे. अमरावतीत काय मेकॅनिकांचा दुष्काळ पडलाय? पण सरांचं डोकं एकदा एका जागी बसलं की बसलं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी अकोल्याच्या शाळेत भूगोल शिकवला. तिथंच ही लांब पल्ल्याची दणकट मोटारसायकल घेतली, आणि बंडूशिवाय दुसऱ्या कोणाचा पान्हा तिला लागू दिला नाही. बायकोचं, म्हणजे कुंदाताईंचं, माहेरही अकोल्यातच. बहिणीच्या दारात त्या उतरायच्या आणि सर पुढं बंडूच्या गॅरेजवर जायचे, हे ठरलेलं.

फळ्यावर शिकवला त्याहून जास्त भूगोल सरांनी या गाडीवरून पाहिला. लोणार, माहूर, ओंकारेश्वर, एकदा तर थेट भूज. मागं कायम कुंदाताई. त्या चालत्या गाडीवर संत्रं सोलायच्या आणि फोड पुढं सरांच्या तोंडाशी धरायच्या. बघणाऱ्यांना लाज वाटायची, या दोघांना नाही.

गेल्या पोळ्याच्या सुमारास कुंदाताई गेल्या. सकाळी फुलं तोडता तोडता अंगणात टेकल्या आणि उठल्याच नाहीत. सरांनी सगळं रीतसर केलं. रडले नाहीत, म्हणून नातेवाइकांनी कौतुकही केलं. मग दिवाळीच्या आधी त्यांनी गाडी बाहेर काढली, आणि त्याच दिवशी तो आवाज सुरू झाला.

ठक. जरा थांबून, ठक-ठक. इंजिनाच्या पोटातून आल्यासारखा, ॲक्सिलेटर सोडला की हमखास. कुंदाताईंना चहा हवा असला की त्या सरांच्या हेल्मेटवर बोटानं असंच वाजवायच्या. सर शिकलेसवरलेले, भुताखेतांच्या गोष्टी करणाऱ्या पोरांना झापणारे. तरी बडनेऱ्याच्या पुढं त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मागं न बघताच विचारलं, "थांबायचं का?" विचारून झाल्यावर अंगावर काटा आला. मागं नुसती सीट होती. सरांना भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर भीतीच्या खाली कुठंतरी फार बरंही वाटलं.

पुढं पुढं ते त्या आवाजाशी बोलायलाच लागले. वाजलं की "हो, ऐकलं" म्हणायचे. शेतात कपाशी कशी आलीय ते सांगायचे. रिकाम्या रस्त्यावर कोण बघतंय?

पण त्यांच्या लेकीला, जुईलीला, गाडी गल्लीत शिरतानाच आवाज ऐकू यायचा आणि ती दारात येऊन उभी राहायची. "बाबा, हायवेवर इंजिन जॅम झालं म्हणजे? आईला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही," ती म्हणाली. "बंडूकाकांना दाखवा. आवाज गेला तर ठेवा गाडी. नाही गेला तर विकायची." आता आली का पंचाईत. आवाज राहिला तर गाडी जाणार, आणि आवाज गेला तर त्याच्यासोबत कुंदाही जाणार, असं सरांच्या मनानं घेतलं होतं.

तरी गेले. बंडू एका स्कूटरच्या खाली आडवा होता. मान वर न करताच म्हणाला, "या सर. काकू उतरल्या का बहिणीकडं?"

"हो," सर म्हणाले.

खोटं बोलायचं काही ठरवलं नव्हतं, निघून गेलं तोंडातून. आणि निघाल्यावर परत घेववेना. आख्ख्या जगात ही एकच जागा उरली होती जिथं कुंदा अजून होती, बहिणीकडं गप्पा मारत बसलेली. पुढच्या खेपेला तिचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या खेपेला ती कुरडया घालण्यात गुंतली होती. बंडू दर वेळी विचारायचा, आणि सर दर वेळी तिला थोडं आणखी जगवून यायचे.

बंडूनं आवाज शोधण्यात कसूर केली नाही. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे. टॅपेट पाहिले, टायमिंग चेन पाहिली. सर दुसऱ्याच्या हातात गाडी देत नसत, म्हणून बंडू त्यांच्या मागं बसून बाळापूर नाक्यापर्यंत जाऊन यायचा, मान खाली घालून, कान इंजिनाकडं. आवाज नाही म्हणजे नाही.

"सर, मले तं काईच ऐकू येत नाई," तो चक्रावून म्हणायचा.

मागच्या चाकाच्या चेनकडं त्यानं नजर टाकली, पण ती त्याच्या लेखी शंकेच्या पलीकडची. चेन बसवण्याची बंडूची रीत जगावेगळी होती. ज्याचं जेवढं ओझं तेवढं गाडीवर ठेवूनच तो चेनचा झोल, म्हणजे ती किती सैल सोडायची ते, धरायचा. दूधवाल्याला कॅन भरून आणायला लावायचा. सर आणि कुंदाताईंनाही त्यानं, दोघांच्या शेवटच्या खेपेला नवी चेन घालताना, असंच भर रस्त्यात गाडीवर बसवून ठेवलं होतं, आणि ते माप पिवळ्या रंगाच्या खुणेनं पक्कं केलं होतं. खूण जागच्या जागी होती. मग चेन चुकेल कशी?

उन्हाळा लागला. जुईलीनं गिऱ्हाईक पाहिलं, रविवारी येणार म्हणून सांगितलं. सर शेवटचे म्हणून अकोल्याला गेले. या वेळी बंडू हट्टाला पेटला होता. "तुमी चाला पुढं. मी माह्या स्कूटरनं बाजूनं येतो," म्हणाला.

नाक्याच्या अलीकडंच त्यानं हात दाखवून सरांना थांबवलं. दोघं परत आले. बंडूनं गाडी डबल स्टँडवर चढवली आणि बोटानं चेन वरखाली करून दाखवली.

"इंजिनात काईच नाई, सर. हे चेन पुढं इंजिनाच्या कव्हरले आपटून राहिली. मी मांगं बसलो का ताठ होते, आवाज गप. तुमी एकटे असले का झोल पडते. काकू बसल्यावर येते का आवाज?"

"नाही," सर म्हणाले. "ती बसली की येत नाही."

"तेच तं. दोघाचं माप हाये ना हे. आता मी कसून देतो, पण मंग काकू बसल्या का चेन लई ताठ होईन. तुटन एखाद्या वक्ती. जिवाशी खेळ हाये तो." बंडूनं पान्हा नटला लावला आणि थांबला. "तुमी सांगा. काकू बसनार असतीन तं मले हे कसता येत नाई."

सर पिवळ्या खुणेकडं बघत राहिले. राहू दे म्हणणं सोपं होतं. रविवारी गाडी गेली असती, आणि कुंदा अकोल्यात बहिणीकडं राहिली असती.

"कस," सर म्हणाले. "एकट्याची कर."

"आन् काकू?"

"ती नाही बसणार आता. पोळ्याच्या वेळेसच गेली, बंडू."

बंडूनं पान्हा खाली ठेवला. मग म्हणाला, "मी तं दर वक्ती इचारत होतो, सर."

"तू विचारायचास म्हणूनच तर येत होतो."

बंडूनं फडक्यानं हात पुसले, उगाच पुसत राहिला. मग गाडी स्टँडवरून उतरवून हँडल धरलं आणि म्हणाला, "बसा."

सर बसले. बंडू चाकापाशी उकिडवा झाला, चेनला बोट लावलं, वर पाहिलं. सर टाकीला अगदी खेटून, सीटच्या पुढच्या टोकावर बसले होते. मग तो हळूच म्हणाला, "सर, मधात बसा. मांगं जागा सोडू नका. माप चुकते."

सर दोन्ही हात टाकीवर टेकवून मागं सरकले, इतकी वर्षं तिचे गुडघे जिथं असायचे तिथवर, आणि येणारी-जाणारी माणसं बघत असताना ओक्साबोक्शी रडले.